४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का?

४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. २ चा ३२ वा घात घ्या, त्यात १ मिळवा, की ही संख्या तयार. ती मूळ आहे असे खुद्द फर्मा या थोर गणितज्ञाला वाटले होते, तेव्हा आपली फसगत झाली तर फारसे लाजायला नको.

गैरसमज : शाळेतल्या कसोट्यांनी भाग जात नाही, म्हणजे मूळच.
एकक स्थानी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७ आणि ११ नेही भाग जात नाही. पण एवढ्याने फक्त हे पाच विभाजक वगळले जातात. सरळ मार्गाने खात्री करायची तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. त्या भरतात ६५४२.

गैरसमज : फर्माने ते सिद्ध केले होते.
छे! १६४० च्या सुमारास पत्रांतून मांडलेला तो अंदाज होता. सिद्धता हाती नाही हे त्यानेच कबूल केले होते. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मिळतात. पाचही मूळ. मग ३२ व्या घाताचीही मूळच असणार, असे त्याने धरले. गंमत म्हणजे त्याच्याच प्रमेयाची कसोटी (मूळ संख्येने भाग न जाणाऱ्या पायाचा, तिच्याहून १ ने कमी असलेला घात घेतला की तिने भागून बाकी १ उरते) ३ हा पाया घेऊन लावली असती तर ही संख्या तिथेच नापास झाली असती. २ पाया घेतला तर मात्र ती बिनबोभाट पास होते!

गैरसमज : एवढ्या मोठ्या संख्येचे विभाजकही अवाढव्य असणार.
गणिती गोल्डबाखने १७२९ साली ऑयलर या गणितज्ञाला पत्रातून या अंदाजाबद्दल विचारले. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिले: ६४१ × ६७००४१७. गुणून पाहा. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हे त्याने पुढे सिद्ध केले. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या संख्येलाच काम फत्ते.

भागाकार न करताही हे पटवता येते, आणि मला हीच रीत जास्त आवडते. ६४० ला ६४१ ने भागले तर बाकी −१ धरता येते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. याचा चौथा घात घेतला की बाकी १ होते. म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण ६२५ हे ६४१ हून १६ ने कमी, म्हणून त्याच्या जागी −१६ लिहिता येते. १६ म्हणजे २ चा चौथा घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य.

गैरसमज : आता संगणक असल्याने या कुळातले सगळे प्रश्न मिटले.
घात असेच दुप्पट करत गेले, तर फर्माच्या त्या पाचांपुढे आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. उलट २ च्या १०४८५७६ व्या घातात १ मिळवून येणारी ३१५६५३ अंकी संख्या मूळ नाही, हे १९८८ पासून माहीत आहे. तिचा एकही विभाजक अद्याप कुणाच्या हाती लागलेला नाही.