दिवाळसणाला गेले अन् राज्य बदललं

“त्या साली मी दिवाळीला माहेरी उदगीरला गेले. भाऊबीज करून परत आले, तर म्हणे माहेर एका राज्यात अन् सासर दुसऱ्या!”

भालकीतल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर ही दोन वाक्यं मी मोबाईलवर टिपली, तेव्हा आज्जी गोष्ट रंगवून सांगताहेत असंच मला वाटलं. राज्यं कुठे सणासुदीला बदलतात? घरी येऊन हिशेब मांडला. राज्य पुनर्रचना झाली १ नोव्हेंबर १९५६ ला. त्या सालची दिवाळी काढायला पंचांगसुद्धा लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, आणि तो दसऱ्याचा दिवस होता. दसऱ्यानंतर एकोणीस-वीस दिवसांनी लक्ष्मीपूजन, म्हणजे नोव्हेंबरची दोन किंवा तीन तारीख. बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले ते ऐन दिवाळीत! उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरमध्ये. जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात. सालाचा आकडा आज्जींनी एकदाही उच्चारला नव्हता, आणि तरीही त्यांचं सांगणं दिवसाच्या हिशेबात बसत होतं.

तेव्हापासून मला हे वेड लागलं. परळी-विकाराबाद मार्गावरच्या गाडीत बसायचं, उदगीर, कमलनगर करत भालकीला उतरायचं आणि म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं. आज हा लोहमार्ग तीन राज्यांतून जातो. ही माणसं लहान होती तेव्हा तो सगळा निजामाच्या मुलखात होता.

जगात हे काम जुनंच आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचं केंद्र सुरू केलं. आपल्याकडे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आज वाचता येतात, अनेक ऐकताही येतात. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं. जात्याबरोबर ओवीही थांबणार, हे राईरकर आणि पॉइटवँ यांनी वेळेत ओळखलं. एवढं सांगून मी माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो: तारखा.

“हे कोणत्या साली झालं?” असं कुणाला विचारू नये. माणूस बावरतो, मुलाकडे बघतो आणि मुलगा भलतंच साल सांगतो. विचारायचं ते असं: रझाकारीच्या आधी की मागून? तुमचं लग्न झालं होतं का? हाली रुपया चालायचा का? या शेवटच्या प्रश्नानं मला फार साथ दिली आहे. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, हाली. इंग्रजी अमलातला रुपया म्हणजे कलदार. सात हालीला सहा कलदार असा भाव. संस्थान गेलं तरी हाली लगेच गेला नाही. तो रद्द झाला १९५९ मध्ये. म्हणून ‘बैल घेतला तेव्हा हाली अन् कलदार दोन्ही चालायचे’ असं कुणी म्हणालं, की काळाचं कुंपण आपोआप आखलं जातं.

फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या सालाची गंमत त्याहून मोठी. एका शेतकऱ्यानं पत्र्याच्या पेटीतून शेतसाऱ्याची उर्दू पावती काढून दिली. वर साल होतं १३५७. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण मेख पुढेच आहे. निजामाच्या राज्यात फसली वर्ष आजूर महिन्यानं, ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि आबान महिन्यानं संपायचं. त्यामुळे १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. संस्थानाचं अखेरचं वर्ष! ती चिटोरी हातात धरून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

त्या वर्षानं या भागाला फार सोसायला लावलं. मे महिन्यात गोरटा गावात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, माणसं मारली. १३ ते १७ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारतीय सैन्यानं संस्थान ताब्यात घेतलं. त्यानंतर सूड सुरू झाला आणि मुसलमानांच्या वस्त्या होरपळल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं वर्षअखेर मुलखात फिरून अहवाल दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेडबरोबर बीदरचं नाव त्यात आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. माझं ठाम मत आहे, की गल्लीतल्या एकाच बाजूच्या ओसरीवर बसून १९४८ टिपू नये. समोरच्या घरातही जावं, चहा घ्यावा, आणि तिथली म्हातारी मधेच गप्प झाली तर रेकॉर्डर चालूच ठेवावा. ते गप्प बसणंही टिपण्यासारखं असतं.

एकीनं सांगितलं, “गणपती बसलेले होते अन् वर विमानं.” पंचांगात पाहिलं तर पोलीस ॲक्शनचे ते पाच दिवस भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात, चतुर्थी आणि पौर्णिमेच्या मधे पडतात. बाईंची आठवण पक्की होती. मात्र इथे जपावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही गणपती विसर्जन नुकतंच आटोपलं होतं. एका आजोबांच्या बोलण्यात हे दोन भाद्रपद एकमेकांत मिसळले होते. मी त्यांना मधे तोडलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, “तेव्हा घरात वीज होती का?” ते स्वतःच थांबले आणि गुंता सोडवू लागले.

टिपायला उत्तम दिवस येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, आत मांडलेले पांडव, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. घरी घुम्यासारखा बसणारा म्हातारा शेतात आला की बांध दाखवत बोलू लागतो. कुठली विहीर कुणी खांदली, कोणत्या देवणी बैलाची जोडी कुणाच्या दावणीला होती, सगळं. मराठीत सुरुवात, हिशेब कन्नडमध्ये, शिवी दखनीत. “काय करूलालास रे, खा की आधी,” हा आग्रहसुद्धा माझ्या ध्वनिफितीत आहे आणि तो मी कापत नाही. लिहून काढतानाही बोली तशीच ठेवतो. ‘करूलालास’चं ‘करतो आहेस’ केलं की माणूस भालकीचा राहत नाही.

बाकी सरंजाम थोडकाच. सुरुवातीला नाव, गाव, तारीख मोठ्यानं म्हणायची, परवानगी घ्यायची, पंखा बंद करायचा, आणि रात्री झोपण्याआधी दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. एकदा दुसरी प्रत न केल्यानं माझ्या हातून सबंध दुपार पुसली गेली. ते आजोबा परत भेटले नाहीत.

दिवाळीच्या त्या आज्जींकडे मी पुन्हा गेलो. त्यांचं बोलणं त्यांनाच ऐकवलं. मान हलवत ऐकलं आणि म्हणाल्या, “एक राहिलं बघ. भावानं ओवाळणीत हाली रुपया टाकला होता. चांदीचा.”

“आहे का अजून?”

“बहात्तरच्या दुष्काळात मोडला. चार दिवसांची ज्वारी आली.”

मी रेकॉर्डर पुन्हा चालू केला आणि तारीख मोठ्यानं म्हटली.