हक्क माहीत होते, गोळी माहीत नव्हती!

आमचं गाव पुणतांबा. गोदावरीकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं. पण २०१७ नंतर ओळख एकच... शेतकरी संपाचं गाव! १ जूनला संप सुरू झाला, तेव्हा नाना गावात घोषणा देत होते आणि मी पुण्यात महागड्या भाजीवरून कुरकुरत होतो. हक्क कसा मागायचा, हे आमच्या घरात कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती.

ती समजूत एका खासगी हॉस्पिटलच्या काउंटरवर संपली.

नानांच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. मी चार दिवसांची सुट्टी टाकली, कंपनीचं मेडिक्लेम कार्ड घेतलं आणि नानांना अ‍ॅडमिट केलं. काउंटरवर सहा-सात कागद पुढे आले, सगळे इंग्रजीत. 'इथे सही, इथे सही...' ऑफिसात आपण साधं अ‍ॅग्रीमेंटसुद्धा दोनदा वाचतो, बरोबर? इथे मात्र मी धडाधड सह्या केल्या. नाना तर अंगठा द्यायलाही तयार होते!

संध्याकाळी चहा घेताना कुंडीमागे झाकलेली एक फ्रेम दिसली. 'रुग्ण हक्क सनद'. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार ही सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं खासगी हॉस्पिटलांवर बंधनकारक आहे. मी मोबाइलवर फोटो काढला आणि एकदम हीरो होऊन वर गेलो.

'सिस्टर, खर्चाचा अंदाज लेखी मिळेल? आणि तो संमतीचा फॉर्म मराठीत समजावून सांगाल?' भांडण होईल असं वाटलं होतं. झालं काहीच नाही. एक तरुण डॉक्टर आले, कागदावर पित्ताशयाचं चित्र काढलं, ऑपरेशनमधले धोके सांगितले. सगळी मिळून दहा मिनिटं! ती मी आधीच मागितली असती तर?

मग मोबाइलवर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची २०१८ ची सनद उघडली. तिच्यात हक्कांबरोबर रुग्णांच्या जबाबदाऱ्याही आहेत. 'नाना, ऐका. डॉक्टरांना तब्येतीची सगळी माहिती द्यायची, असं लिहिलंय,' मी हसत म्हणालो.

नाना गप्प. मग पिशवीतून त्यांनी एक स्ट्रिप काढली. रक्त पातळ करणारी गोळी. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली, दोन वर्षं रोज चालू. भूलतज्ज्ञांनी दुपारीच विचारलं होतं आणि नाना म्हणाले होते, 'काही नाही.'

'सांगितलं का नाही?'

'आरे, ऑपरेशन पुढं ढकललं असतं. तुझी सुट्टी वाया गेली असती.'

काय बोलणार? मी स्ट्रिप घेऊन धावलो. डॉक्टर रागावले नाहीत. 'बरं झालं आज कळलं. उद्या रक्त थांबलं नसतं तर?' एवढंच म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली आणि ऑपरेशन पाच दिवस पुढे गेलं. सुट्टी वाया गेलीच. नाना मात्र ठणठणीत घरी आले.

आता नानांच्या फाइलच्या पहिल्या पानावर गोळ्यांची यादी चिकटवलेली आहे. 'संपात मागण्यांची यादी असते, तशी ही,' नाना म्हणतात.

अ‍ॅडमिट होताना लक्षात ठेवा

● केसपेपर, रिपोर्ट यांच्या प्रती मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात.

● दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं आणि औषधं बाहेरून आणणं, हे दोन्ही हक्क आयोगाच्या सनदेत आहेत. बिलाच्या वादावरून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही, हेही त्यात आहे.

● कॅशलेस आहे? डिस्चार्जची विनंती पोहोचल्यावर विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. उशिरामुळे वाढलेलं बिल कंपनीने भरायचं, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये सांगितलंय.

● चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, जुनी ऑपरेशन्स, गावठी औषधं... काहीही लपवू नका.

● आवाज चढवायचा असेल तर तक्रार लिहून द्या. डॉक्टर, नर्सवर हात उचलला तर राज्याच्या २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.