कडू अर्क

कडू व सुगंधी वनस्पतींची मुळे, साली आणि बिया मद्यार्कात मुरवून काढलेला व थेंबाथेंबाने वापरावयाचा द्रव. पाश्चात्त्य देशांत तो ‘बिटर्स’ या नावाने मिळतो. १८०६ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ म्हणजे मद्य, साखर, पाणी व कडू अर्क यांचे मिश्रण, अशी व्याख्या दिली होती. मूळ उपयोग मात्र औषधी होता. सीमॉन बोलिव्हार यांच्या सैन्यातील जर्मन वैद्य योहान झीगर्ट यांनी व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा (सध्याचे सिउदाद बोलिव्हार) येथे १८२४ मध्ये पोटाच्या विकारांवर असा अर्क तयार केला. शहराचे नाव त्यास मिळाले; अंगोस्तुरा वृक्षाची साल मात्र त्यात नसते. पुढे हा व्यवसाय त्रिनिदाद बेटावर गेला.

अशा अर्कांतील कडूपणा बहुधा जेन्शियनच्या मुळापासून येतो. मुळातील ॲमॅरोजेंटीन हे द्रव्य सु. ५ कोटी ८० लाख पट पाण्यात विरल केले तरी जिभेस जाणवते. हेच द्रव्य त्याच कुलातील किराइतात आहे. किराइताच्या काड्या रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी गाळून घेण्याची मराठी घरांतील रीत म्हणजे मद्यार्कावाचून केलेला कडू अर्कच होय. मात्र तो टिकत नाही, रोज नवा करावा लागतो.

कडूची मात्रा अल्प ठेवून तिला गोडाची जोड द्यावी, हे यामागील तत्त्व सोलापूरला चैत्र शुद्ध प्रतिपदेस तीन भाषांत पाहावयास मिळते. मराठी घरांत कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग, मिरे व मीठ घालून वाटतात. कन्नड भाषकांत ‘बेवु-बेल्ला’ म्हणजे कडुनिंब व गूळ देतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत कडुनिंबाचा मोहोर, नवी चिंच, गूळ, कैरी, तिखट व मीठ यांची सहा रसांची ‘उगादी पच्चडी’ होते. पाने व मोहोर यांच्या चवीत बराच फरक असून मोहोर सौम्य लागतो.

विकत मिळणाऱ्या अर्काचे दोन-तीन थेंब पेलाभर सोड्यात किंवा डाळिंबाच्या सरबतात पुरतात. सरबताचा नुसता गोडवा त्याने मोडतो. फळांच्या कापांवर, साखरेच्या करपवलेल्या पाकात किंवा मांसाच्या रश्शात तो शेवटी घालावा, कारण उकळल्याने सुगंध उडून जातो, कडूपणा तेवढा उरतो. अंगोस्तुरा अर्कात मद्यार्क सु. ४४·७ टक्के असतो. थेंबांतून पोटात जाणारा अंश अत्यल्प असला, तरी मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

असा अर्क घरी करताना खरा धोका वनस्पती ओळखण्यात असतो. यूरोपात जेन्शियन समजून पांढऱ्या व्हेराट्रमचे विषारी मूळ घातल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. किराइतात कालमेघाची भेसळ नेहमीचीच आहे, आणि हिमालयातून अतोनात उपटले गेल्याने खरे किराईत दुर्मिळ होत चालले आहे. किराइताने रक्तातील साखर उतरते. म्हणून मधुमेहावरील औषध घेणाऱ्यांनी ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. ‘कडू ते गुणकारी’ ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही. दुधी भोपळा एरवी कडू नसतो; तो कडू लागल्यास त्यात कुकुर्बिटासिने वाढलेली असतात व त्याचा रस पिऊन भारतात मृत्यूही ओढवले आहेत. असा दुधी चाखताच टाकून द्यावा.