माद्रिदहून वार्तापत्र : झूल माणसाच्या अंगावर

मे महिन्यात सान इसिद्रोची जत्रा लागली, की अर्धं माद्रिद संध्याकाळी लास व्हेंतासकडे वळतं. 1931 साली उघडलेलं बैलझुंजीचं हे विटांचं भलंमोठं रिंगण. उन्हातली जागा स्वस्त, सावलीतली महाग. तीन मातादोर, सहा बैल, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. धडगावहून फोन आला की हटकून विचारतात, बैलाला खरंच मारतात का? मारतात. हजारोंच्या देखत, तलवारीनं. मग खेचरं जुंपून ओढत नेतात.

पण हा देश मला रिंगणापेक्षा एका चित्रकारामुळे जास्त कळला. होसे गुतिएरेस सोलाना (1886–1945), स्पेनचा अभिव्यक्तिवादी. इग्नासिओ थुलोआगानं बेलमोन्तेसारखे नामांकित तोरेरो, म्हणजे बैलाशी झुंजणारे, रुबाबात रंगवले. सोलानानं शंभरेक वर्षांपूर्वी एल लेचुगा नावाचा साधा तोरेरो आणि त्याचे साथीदार चितारले. चेहरे लाकडात कोरल्यासारखे, कडा जाड काळ्या, रंग मातकट. जरीकाम आहे, पण झळाळी नाही. फोटोला उभं केल्यासारखे ताठ. यात कुठे शौर्य शोधू नका. रोजंदारीवर आलेली माणसं आहेत ती.

आपल्याकडे पोळ्याला झूल बैलावर चढते. इथे ती माणूस चढवतो. सोन्याची जर मातादोरला, त्याच्या पायदळ मदतनिसांना बहुधा चांदीची. गावोगावचे गरीब तोरेरो हा पोशाख भाड्यानं आणत. गावचौक गाड्या-फळ्यांनी बंद करून खेळ व्हायचा आणि उपाशीपोटी हिंडणारी पोरं खेळ संपल्यावर कापड पसरून नाणी गोळा करायची. माद्रिदजवळच्या चिंचोनचा चौक अजूनही असा रिंगण होतो. आपल्या अक्राणीतून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या पोरांना सोलानाचे हे चेहरे परके वाटणार नाहीत.

बैलाची बाजू घेणारे इथेही पुष्कळ आहेत, आणि मी त्यांच्यातलाच. कातालोनियानं 2010 मध्ये बंदी घातली. 2016 मध्ये घटनात्मक न्यायालयानं ती रद्द केली, कारण 2013 च्या कायद्यानं हा खेळ देशाचा सांस्कृतिक वारसा ठरला होता. आपल्या बैलगाडा शर्यतींचंही तसंच: 2014 ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी, 2023 ला त्याच न्यायालयाकडून राज्यांच्या कायद्यांना मान्यता. आपला बैल निदान संध्याकाळी गोठ्यात परततो. वाद दोन्हीकडे बैलावरून चालतो. पोटासाठी त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडे सोलानाइतकं निरखून पाहणारे थोडेच.

कुणी इकडे आलात तर रेइना सोफिया संग्रहालयात सोलानाचं 1920 चं कॅफे पोम्बोचं चित्र जरूर पाहा. मंगळवारी संग्रहालय बंद असतं.