परिचारिकेचें मन

घरचें माणूस घेऊन ज्यांना इस्पितळांत आठ-पंधरा दिवस काढावे लागले आहेत, त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या तोंडून एक उद्गार केव्हां ना केव्हां निघालेला असतो: "या नर्स बायांना काळीज म्हणून असतें कीं नाहीं?" शेजारच्या खाटेवरील वृद्ध गृहस्थ पहांटे वारले, पडदे ओढले गेले, घरच्यांचा आकांत झाला; आणि अर्ध्या तासानें तीच परिचारिका, त्याच चेहऱ्यानें, आपल्या रोग्याला थर्मामीटर लावून घड्याळाकडे पाहत उभी! आपणांस तें पाहवत नाहीं. परंतु ती तेथेंच बसून रडूं लागली असती, तर आपल्या रोग्याचें औषध कोणीं दिलें असतें, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं.

हा स्थिर चेहरा जन्मतः मिळत नाहीं. तो कमवावा लागतो व त्याची किंमत द्यावी लागते. ती किंमत शोधून काढणाऱ्यांत इझाबेल मेंझीस या विदुषीचें नांव अगोदर घेतलें पाहिजे. बाई लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेंत काम करीत. तेथील एका मोठ्या रुग्णालयानें त्यांना पाचारण केलें. अडचण दिसावयास अगदीं व्यवहारी होती: शिकाऊ परिचारिकांना कोणत्या वॉर्डांत केव्हां नेमावयाचें, याचा मेळ बसत नव्हता. बाईंनीं परिचारिकांशीं बोलण्यास आरंभ केला, आणि वेळापत्रकाच्या आड दडलेलें भय त्यांच्या दृष्टीस पडलें. १९६० मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध आजहि आवर्जून वाचला जातो.

मरणोन्मुख माणसाजवळ बसणें, परक्याचें मलमूत्र काढणें, जखमा धुणें, हीं कामें ऐन तारुण्यांत पाऊल टाकलेल्या मुलींनीं रोज करावयाचीं. त्यांच्या मनावर येणाऱ्या ताणावर रुग्णालयानें एक उपाय योजिला होता. तो कोणीं बसून ठरविला नव्हता. वर्षानुवर्षांच्या वहिवाटीनें तो आपोआप रूढ झाला होता. परिचारिका आणि रोगी यांना एकमेकांच्या फार जवळ येऊं द्यावयाचें नाहीं, हा तो उपाय. एका मुलीनें एका रोग्याचें सर्व कांहीं न करतां पुष्कळांचें थोडें थोडें करावयाचें. रोग्याचा उल्लेख नांवानें न करतां 'दहाव्या खाटेवरचें यकृत' किंवा 'पंधराव्या खाटेवरचा न्यूमोनिया' असा करावयाचा. एका वॉर्डांत जीव रमूं लागतो न लागतो तोंच दुसऱ्या वॉर्डांत बदली, तीहि आयत्या वेळीं. कोणी हळवी झालीच, तर वरिष्ठ बाईंकडून समजुतीऐवजीं शिस्तीचा शब्द ऐकावयाचा. मौज अशी कीं, त्या वरिष्ठ बायांच्या पोटांत या मुलींविषयीं कळवळा होता. पण तो बोलून दाखविण्याची रीत त्या घरांत नव्हती. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबांतील कित्येक वडीलधाऱ्यांची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

उपाय लागू पडला काय? मेंझीसबाईंना आढळलें तें असें: सुमारें एक तृतीयांश मुली शिक्षण पुरें होण्यापूर्वींच निघून जात, आणि त्यांतील बहुतेक आपण होऊन जात. राहिलेल्यांत किरकोळ दुखण्यांच्या रजा पुष्कळ. अंतर राखल्यानें दुःख कमी झालें नव्हतें, समाधान तेवढें गेलें होतें. रोगी बरा होऊन हसत घरीं जाई, त्याचे आभार सबंध इस्पितळाच्या वाट्याला जात. हा माझ्या हातून बरा झाला, असें म्हणण्याजोगा एकहि रोगी त्या मुलीजवळ नसे.

अलीकडे या प्रश्नाची चर्चा निराळ्या शब्दांनीं होते. पीटर सॅलोवे व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९० मध्यें 'भावनिक बुद्धिमत्ता' ही कल्पना मांडली, आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकानें ती घरोघर पोहोंचविली. आपल्या व दुसऱ्याच्या मनांतील भाव ओळखणें, त्यांचा अर्थ लावणें व त्यांना योग्य वाट करून देणें, असें तिचें थोडक्यांत स्वरूप आहे. हा गुण ज्यांच्या ठायीं अधिक त्या परिचारिकांना चिंता, खिन्नता व थकवा यांचा जाच कमी, असा निष्कर्ष अनेक देशांतील पाहण्यांतून निघाला आहे. परंतु अशा बहुतेक पाहण्यांत गुण आणि जाच या दोहोंचें मोजमाप एकाच वेळीं, परिचारिकेच्याच उत्तरांवरून होतें. मग यांतील कारण कोणतें व कार्य कोणतें, हें कसें ठरावें? लागोपाठ रात्रपाळ्यांनीं पिचलेली मुलगी प्रश्नावलीपुढें बसली, तर स्वतःच्या समंजसपणाला ती गुण तरी किती देणार? आम्हांस भीति वाटते ती निराळीच. माणसें अपुरीं, पाळ्या लांब, आणि त्यावर तोड म्हणून भावनांना आवर कसा घालावा यावर एक व्याख्यान, असा स्वस्त व्यवहार कित्येक व्यवस्थापकांना सोयीचा वाटेल. आवर घालणें तर त्या बाईला पूर्वींच येतें. मन मोकळें करावयास जागा नाहीं, हें तिचें दुखणें आहे.

मेंझीसबाईंनीं पाहिलेल्या इस्पितळाच्या अगदीं उलट उदाहरण मुंबईंत घडलें. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तेथल्याच एका कामगारानें अत्याचार केला. मेंदूला झालेल्या इजेमुळें त्या पुन्हां शुद्धीवर अशा कधीं आल्या नाहींत. १८ मे २०१५ रोजीं त्या वारल्या. तोंवर ४१ वर्षांहून अधिक काळ त्यांच्या सहकारिणींनीं, आणि पुढें त्यांना कधीं चालतांबोलतां न पाहिलेल्या नव्या मुलींनीं, त्यांची शुश्रूषा केली. अंगाला शय्याव्रण म्हणून होऊं दिलें नाहीं. त्यांना तेथून हलविण्याचा बेत निघाला, तेव्हां परिचारिकांनीं तो हाणून पाडला. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं फेटाळला, त्यावेळीं अरुणाबाईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार या सेवकवर्गाचा आहे असेंहि न्यायालयानें मानलें. त्या निकालाच्या योग्यायोग्यतेंत आम्ही येथें शिरत नाहीं. पण वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या त्या खोलींतील रोगी खाटेच्या आंकड्यानें ओळखली जात नव्हती, आणि जीव लावल्यानें परिचारिका मोडून पडतात ही समजूत तेथें तरी खरी ठरली नाहीं. अर्थात् असा जीव सर्वांना लावतां येईल, असें कोण म्हणेल?

आपल्याकडे पाहावें, तर २२ मार्च २०२० रोजीं आपण गच्च्यांत उभे राहून थाळ्या वाजविल्या; आणि त्याच सुमारास रुग्णालयांत काम करणाऱ्यांना घर सोडावयास सांगितल्याच्या तक्रारी अनेक शहरांतून आल्या. थाळी वाजविणारे आणि दार लावणारे हात कांहीं ठिकाणीं एकच असतील, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

बोस्टन येथील केनेथ श्वार्ट्झ या वकिलाला चाळिशींत फुप्फुसाचा कर्करोग झाला. १९९५ मध्यें त्यांचें निधन झालें. त्यांच्या नांवें निघालेल्या संस्थेच्या पुढाकारानें १९९७ पासून रुग्णालयांतून नियमित बैठका होऊं लागल्या. डॉक्टर, परिचारिका व इतर सेवक त्यांत एकत्र बसतात. रोगाच्या निदानाऐवजीं त्या रोग्यानें आपल्या मनाला काय केलें, हें सांगतात. पुढें इंग्लंडांतहि ही प्रथा गेली. मृत्यूपूर्वीं श्वार्ट्झ यांनीं आपल्या आजाराची हकीकत लिहून ठेविली आहे. शस्त्रक्रियेपूर्वींची माहिती भरून घेणारी परिचारिका आरंभीं तुटकपणें बोलत होती. त्यांनीं रोगाचें नांव सांगितलें, तशी ती नरमली, हात हातांत घेतला. बोलतां बोलतां त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाचा विषय निघाला. तिच्या भाच्याचेंहि तेंच नांव होतें. तिनें डोळे पुसले. शस्त्रक्रियेच्या मजल्यावर तिचें काम नसे, तरी आपण भेटावयास येऊं असें ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीं त्यांना आंत नेण्यापूर्वीं ती खरोखरच आली.