विश्लेषण : दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले असे नाही! ‘बनियन’च्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे कसे काढावेत?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आल्यासारखे दिसते, चप्पल किंवा बूट नेमका तिथेच घासतो आणि संध्याकाळपर्यंत पाय ठणकू लागतो. या विकाराला ‘बनियन’ म्हणतात. अंगात घालायच्या बनियनशी त्याचा काही संबंध नाही. वैद्यकीय भाषेत हाच ‘हॅलक्स व्हॅल्गस’. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. त्यावरची शस्त्रक्रिया साधारण तासाभराची असते आणि अनेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. त्यामुळे ‘आठवडाभरात चालू लागू’ असा समज होतो. खरी कसोटी मात्र घरी आल्यावर सुरू होते. सुरुवातीच्या वेदना कशा आवरायच्या आणि वेदना ओसरल्यावर स्वतःला कसे आवरायचे, हे दोन्ही प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

अंगठ्याजवळचा उंचवटा म्हणजे नव्याने वाढलेले हाड, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तळपायातील पहिले लांब हाड बाहेरच्या दिशेने सरकते, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि त्या हाडाचे टोक पुढे आलेले दिसते. एक्स-रेमध्ये हा कल १५ अंशांपेक्षा जास्त असेल, तर त्याला हॅलक्स व्हॅल्गस मानतात. नुसता उंचवटा तासून बहुतेकदा भागत नाही. हाड कापून, योग्य जागी सरकवून ते स्क्रूने बसवावे लागते. शेव्हरॉन, स्कार्फ, एकिन ही अशा पद्धतींची नावे. विकृती जास्त असेल किंवा सांधा सैल असेल, तर ‘लॅपिडस’ पद्धतीने मधल्या पायातील एक सांधा कायमचा जोडतात. आजवर अशा शंभराहून अधिक पद्धती नोंदल्या गेल्या आहेत. म्हणूनच शेजारच्या काकूंनी दोन आठवड्यांत काय केले, यावरून आपले वेळापत्रक ठरवता येत नाही.

पहिले दोन-तीन दिवस सर्वात कठीण का?

शस्त्रक्रियेवेळी घोट्याजवळ किंवा गुडघ्यामागे नस बधिर करणारे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही तासांपासून साधारण दिवसभर टिकतो. या काळात पाय दुखत नाही, म्हणून अनेकजण गोळी घ्यायची टाळतात. मग बधिरपणा मध्यरात्री उतरतो आणि कळा एकदम सुरू होतात. वेदना शिगेला पोहोचल्यावर घेतलेली गोळी उशिरा परिणाम करते. त्यामुळे बधिरपणा उतरण्याआधीच, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला पहिली मात्रा घेणे शहाणपणाचे. पहिले दोन-तीन दिवस गोळ्या घड्याळ लावून घ्याव्यात, दुखण्याची वाट पाहू नये.

ठणक्याचे दुसरे कारण सूज. पाऊल म्हणजे हाडे, स्नायू आणि शिरा दाटीने बसवलेली जागा. तिथे सूज पसरायला वाव नसतो. पाय खाली लोंबकळत ठेवला की रक्त पावलाकडे उतरते आणि काही मिनिटांत ठणका वाढतो. पाय वर घेतला की तो कमी होतो.

‘पाय वर ठेवा’ म्हणजे किती वर?

खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणे पुरेसे नाही. पाऊल हृदयाच्या पातळीपेक्षा वर हवे. म्हणजे पलंगावर आडवे होऊन पोटरीखाली दोन-तीन उशा किंवा घडी घातलेली गोधडी घ्यायची. टाचेवर भार पडू नये म्हणून आधार पोटरीला द्यायचा. पहिल्या दोन आठवड्यांत जागेपणीचा बहुतेक वेळ पाय असाच राहावा. उठायचे ते शौचालय, जेवण एवढ्यापुरते.

बर्फ वापरायचा तर टॉवेलमध्ये गुंडाळून, एका वेळी १५ ते २० मिनिटे. पाय बधिर असताना बर्फ किंवा गरम पिशवी लावणे धोक्याचे, कारण त्वचेला इजा झाली तरी कळत नाही. अधूनमधून घोटा वर-खाली हलवत राहावे. त्याने पोटरीतील रक्त वाहते राहते आणि गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

वेदनाशामक गोळ्या घेताना काय सांभाळावे?

उपचाराचा पाया साधारणपणे पॅरासिटामॉल असतो. प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. यकृताचा आजार किंवा कमी वजन असेल तर ती आणखी खाली येते. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जाऊ शकतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी औषधे सूज आणि वेदना दोन्ही कमी करतात. मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर ती मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. ट्रॅमाडॉलसारखे तीव्र औषध थोड्याच दिवसांसाठी देतात. त्याने गुंगी येते आणि बद्धकोष्ठता होते. म्हणून पाणी, फळे, पालेभाज्या वाढवाव्यात आणि रात्री उठताना कोणाला तरी हाक मारावी.

सहा आठवड्यांचे गणित काय?

स्लॅब ओतल्यावर वरून तो दोन दिवसांत टणक लागतो, तरी खालचे सेंट्रिंग लगेच काढत नाहीत. पायाचेही तसेच. स्क्रू हाडाला जागेवर धरून ठेवतो, पण भार पेलण्याची ताकद हाड जुळल्यावरच येते. त्याला साधारण सहा आठवडे लागतात. सर्वसाधारण क्रम असा:

• पहिले दोन आठवडे : विश्रांती, पाय वर, पट्टी कोरडी. साधारण दोन आठवड्यांनी टाके काढतात.

• दोन ते सहा आठवडे : कडक तळाचा किंवा टाचेवर भार देणारा विशेष बूट घालून थोडे थोडे चालणे. लॅपिडससारख्या शस्त्रक्रियेत काही आठवडे पाय अजिबात न टेकवण्याचा सल्लाही मिळू शकतो.

• सहा आठवड्यांनंतर : एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसले, तर रुंद, मऊ बूट.

• तीन महिन्यांनंतर : बहुतेक कामे पूर्ववत. धावणे, उड्या यांना त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेचा, म्हणजे एनएचएसचा सल्ला असा : किमान दोन आठवडे शक्य तितके पायावर उभे राहू नका, ६ ते ८ आठवडे गाडी चालवू नका, ६ ते १२ आठवडे कामावर जाऊ नका आणि सहा महिन्यांपर्यंत खेळ टाळा.

धोक्याचे वळण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते. वेदना बऱ्याच ओसरलेल्या असतात, टाकेही निघालेले असतात. ‘आता काही होत नाही’ म्हणून विशेष बूट बाजूला पडतो. याच काळात जास्त भार पडला, तर बसवलेले हाड सरकू शकते.

आपल्या घरांत अडचण कुठे येते?

परदेशी सूचनापत्रकांत न सापडणाऱ्या काही गोष्टी इथे महत्त्वाच्या ठरतात. पहिली, घरात अनवाणी वावरण्याची सवय. विशेष बूट स्वयंपाकघरात आणि देवघरापर्यंतही घालावा लागतो. त्याला चप्पल न मानता प्लास्टर मानावे, घरातल्यांनाही तसेच सांगावे. दुसरी, भारतीय पद्धतीचे शौचालय. उकिडवे बसताना सगळा भार पावलाच्या पुढच्या भागावर येतो आणि अंगठा वाकतो. कमोड नसेल तर कमोड खुर्ची भाड्याने मिळते, तिची सोय आधीच करावी. जमिनीवर बसून उठणेही याच कारणासाठी काही आठवडे बंद. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची घ्यावी आणि पाय पिशवीत बांधून बाहेर ठेवावा. जोडवी शस्त्रक्रियेपूर्वीच काढावीत, सुजलेल्या बोटातून ती निघत नाहीत.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो. स्कूटरलाही थांबताना पाय टेकवावाच लागतो. त्यामुळे दुचाकीची घाई नको.

सर्वात मोठी अडचण मात्र वेळेची. नोकरदाराला रजा मिळते, घर सांभाळणाऱ्या बाईने रजेचा अर्ज कुठे द्यायचा? ओट्यापाशी तासभर उभे राहणे हे पायासाठी कामच आहे. दोन आठवडे स्वयंपाक कोण करणार, डबे कोण भरणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच ठरले पाहिजे.

मधुमेह आणि तंबाखूचा काय संबंध?

निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखम आणि हाड भरायला उशीर होतो. सिगारेटइतकीच ही बाब तंबाखू, गुटखा आणि मिशेरीलाही लागू आहे. मिशेरी लावण्याची सवय डॉक्टरांना सांगितली जात नाही, ती सांगावी. मधुमेहात साखर आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर दुखत नाही हे चांगले लक्षण मानू नये. अशा रुग्णांनी सांगितलेल्या प्रत्येक ड्रेसिंगला जाणे आवश्यक.

नेहमीचे काय आणि धोक्याचे काय?

संध्याकाळी सूज वाढणे, त्वचा थोडी निळसर दिसणे, अंगठ्याच्या कडेला बधिरपणा किंवा मुंग्या जाणवणे हे बऱ्याच जणांना होते. सूज तीन ते सहा महिने, काहींना वर्षभरही राहते.

पण पुढील लक्षणे दिसली तर लगेच डॉक्टरांना गाठावे : ताप, पट्टीतून पू किंवा दुर्गंधी, पसरत जाणारी लाली, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे, बोटे गार किंवा पांढरी पडणे. पोटरी दुखून सुजली तर रक्ताच्या गुठळीची शक्यता असते. छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही तातडीची बाब, थेट रुग्णालयात जावे. जखम भरल्यावरही पाय सतत जळजळत असेल, स्पर्श सहन होत नसेल, तर तेही सांगावे. नसांशी संबंधित या वेदनेवर लवकर उपचार झालेले बरे.

नंतर पाय पूर्वीसारखा होतो का?

बहुतेकांची वेदना लक्षणीय कमी होते. मात्र अंगठा थोडा ताठ राहू शकतो आणि काहींमध्ये विकृती पुन्हा उद्भवते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अंगठा हाताने हळूहळू वर-खाली वाकवण्याचे व्यायाम नियमित करावेत. निमुळते बूट आणि उंच टाचा टाळाव्यात. म्हणूनच पाय फक्त दिसायला सरळ हवा, यासाठी ही शस्त्रक्रिया सुचवली जात नाही. रुंद पादत्राणे वापरूनही दुखणे रोजच्या कामाच्या आड येत असेल, तरच तिचा विचार करावा.

तारीख घेण्यापूर्वी डॉक्टरांना पाच प्रश्न जरूर विचारावेत : माझी पद्धत कोणती? पायावर भार कधीपासून द्यायचा? विशेष बूट किती आठवडे? रात्री वेदना वाढल्या तर कोणती गोळी, किती आणि कोणाला फोन करायचा? आणि माझ्या कामावर मी कधी परत जाऊ शकेन? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि घरातल्या सगळ्यांना दिसतील अशी फ्रिजवर लावावीत.