प्रूफ रुपया की चलनी रुपया?

ब्रिटिश काळात मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत व्यवहारासाठी लाखोंनी चांदीचे रुपये पाडले जात; प्रूफ, म्हणजे संग्रहासाठी किंवा नमुन्यासाठी खास पाडलेली नाणी, मात्र मोजकीच निघत. त्यासाठी साचा आणि कोरी चकती दोन्ही पॉलिश करून सहसा एकाहून जास्त ठोके देत. म्हणून मोकळी जागा आरशासारखी, कडा धारदार आणि नाण्यावरच्या राजा पंचम जॉर्जच्या झग्यावरचा चिमुकला हत्तीही रेखीव उठतो. याउलट चलनी नाणे तिरके फिरवले की चमक चक्रासारखी फिरते. पण नुसत्या चकाकीला भुलू नये: नव्या साच्यातली पहिली चलनी नाणीही आरशासारखी दिसू शकतात. घासून चमकवलेल्या नाण्यावर भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात, अक्षरे बोथट असतात. जुन्या सालाचे टाकसाळीनेच नंतर पाडलेले ‘रीस्ट्राइक’ ओळखणे सर्वांत अवघड. मोठी रक्कम मोजण्याआधी नाणे जाणकाराला दाखवावे.